दोन देशांची एक विजार

मला साडू नाही. बायको आईबापांची एकुलती एक, त्यामुळे जळायला हक्काचं माणूसच देवानं दिलं नाही. शेवटी शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या मास्तरांचा साडू मी अर्धा वाटून घेतला. मास्तर त्याच्यावर जळायचे आणि मी शेकत बसायचो.

आम्ही पहारेकऱ्यांचे शिंपी. देशाच्या हद्दीवर एक लोखंडी फाटक आहे. अलीकडे आमचे पहारेकरी, पलीकडे त्यांचे. फाटकाला लागून पत्र्याची शेड. तिच्यात मास्तर कापायचे, शिवायचे आणि मी काजं-बटणं करायचो. रोज संध्याकाळी दोन्हीकडचे पहारेकरी समोरासमोर येतात, जमिनीशी जुनं वैर असल्यासारखे पाय आपटतात आणि आपापला झेंडा उतरवतात. दोन्ही झेंडे एकदमच खाली यायला हवेत. एकाचा बोटभर जरी मागे राहिला तरी सरकारी पत्रापत्री होते. या दोन देशांत एवढीच काय ती बरोबरी, आणि तीही दिवेलागणीच्या आत संपते.

पूर्वी देश एकच होता. तेव्हा एक म्हातारा उस्ताद होता आणि त्याचे दोन चेले. जाताना त्यानं दोघांना सारखीच इस्टेट दिली. जाड तपकिरी कागदातून कापलेले विजारीचे खाके: लहान, मधला आणि मोठा. कापडावर खाका ठेवायचा, खडूनं रेघ मारायची, कात्री चालवायची. जगातला कुठलाही माणूस या तिघांपैकी एकात बसतोच, असं उस्ताद म्हणायचा. "आणि नाही बसला तर?" असं आमच्या मास्तरांनी एकदा विचारलं होतं. उस्ताद म्हणाला होता, "मग माणूस चुकलाय."

पुढे देशाची वाटणी झाली. चेल्यांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली. थोरलीचा नवरा, म्हणजे आमचे मास्तर, अलीकडे राहिले. धाकटीचा पलीकडे. दोघांनाही आपापल्या फाटकावरच्या विजारींचं काम मिळालं. खाके तेच, कात्री तीच, सासराही तोच. इथपर्यंत कुणी कुणावर जळायचं काही कारण नव्हतं.

मग पलीकडच्या डोंगरात धातू सापडला. जगातल्या प्रत्येक यंत्राला म्हणे तो चिमूटभर लागतो. झालं! बघता बघता तो देश असा फुगला की विचारू नका. त्यांच्याकडच्या एका गाडीचं नाक मी फाटकाशी आलेलं पाहिलं, तेव्हा तिचं शेपूट अजून घरी चहा पीत होतं. त्यांचा दवाखाना इतका देखणा की धडधाकट माणसं तिथं फिरायला जायची. मध्यभागी कारंजं, कारंज्यात रंगीत दिवे. आत शिरायला मात्र सोनेरी कार्ड लागायचं, आणि ते ज्याच्याकडे असायचं तो आजारीच कशाला पडतोय!

आमच्या देशाला काय सापडलं? जुलाबाची साथ सापडली. त्याच सुमारास. सरकार घाबरलं आणि घाबरलेलं सरकार जे करतं ते त्यानं केलं. गल्ल्या खणून ठेवल्या. दोन उन्हाळे आमची गल्ली आतडी काढून ठेवल्यासारखी पडून होती. मास्तर त्या खड्ड्यात इतक्यांदा पडले की गवंडी त्यांना हजेरीवर घेणार होते. शेवटी गटारं झाकली, त्यांवर लोखंडी झाकणं बसवली, गल्लीच्या तोंडाशी नळ दिला आणि वर सुईबाई सोडली.

सुईबाई म्हणजे आमच्या वस्तीची नर्स. खांद्याला पिशवी, पायात रबरी बूट. तान्ह्या पोरांना झोळीत घालून काट्याला टांगायची आणि वजन भरलं नाही तर आयांना असं झापायची की शेजारच्या घरातली पोरंसुद्धा पोटभर जेवायची. कुणाच्याही स्वयंपाकघरात घुसून पाण्याच्या हंड्यावर झाकण आहे का ते बघायची. मास्तरांना तिचा भारी राग.

"त्यांच्या देशात कारंजी," मास्तर मशीनचा पाय जोरात दाबत म्हणायचे, "आणि आपल्या देशात गटाराची झाकणं! पाहुण्याला दाखवायचं तरी काय? या साहेब, आमचं झाकण बघा?"

पाहुणा म्हणजे साडू. तो वर्षातून एकदा बायकोला घेऊन यायचा. यायचा तो रिकाम्या हातानं कधीच नाही, हेच तर दुखणं होतं. एका वर्षी विजेची इस्त्री आणली. आमच्याकडे वीज माहेरवाशिणीसारखी यायची, आली की लगेच निघायच्या गोष्टी. मास्तरांनी ती इस्त्री दार आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवली. एका वर्षी सोनेरी बटणं आणली. ती मास्तरांनी मला दिली आणि मी बायकोला सांगितलं की सरकारनं खूश होऊन दिली.

"साडूभाऊ, अजून पायानंच मशीन चालवता वाटतं?" पाहुणा दारातूनच विचारायचा.

"हो ना. पाय आहेत अजून. तुमचे गाडीनं खाल्ले."

"आमच्याकडे आता बटण दाबलं की विजार बाहेर येते."

"घालायला माणूसही त्यातूनच येतो का?"

दोघी बहिणी आत हसायच्या. मास्तर पाहुण्याला हसतमुखानं चहा द्यायचे आणि तो गेला की त्याचा कप स्वतः विसळायचे, दातओठ खात.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग विजारी आखूड पडायला लागल्या.

पहिला लांब्या. हा नवा भरती झालेला पहारेकरी. याला खालून काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागायचा, इतक्या वरून ते यायचं. मोठ्या खाक्याची विजार त्याच्या घोट्याच्या वर एक वीत थांबली. मास्तर म्हणाले, "एखादा असतो असा. माणूस चुकलाय." पण पुढच्या भरतीत असे चुकलेले आणखी आले. त्याच्या पुढच्या भरतीत तर लहान खाका कुणाला लागलाच नाही. मधला कसाबसा दोघातिघांना. उरलेले सगळे मोठ्यात, आणि मोठ्याच्याही बाहेर. झेंडा उतरवताना पाय आपटला की पोटऱ्यांची रांगच्या रांग उघडी पडायची.

पलीकडचे लोक हा सोहळा बघायला गाद्यांच्या खुर्च्यांवर बसतात. ते खदखदा हसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्तमानपत्रात आमच्या पोरांच्या पोटऱ्यांचा फोटो आणि खाली ओळ: ‘शेजाऱ्यांना कापड पुरेना.’

कोठीसाहेबांनी मास्तरांना बोलावलं. कापडाची कोठी यांच्या ताब्यात. माणूस वाईट नव्हता, पण फोटोत त्याचीही पोटरी आल्यासारखा चेहरा झाला होता. मी बटणांचा डबा घेऊन मागे उभा.

"मास्तर, मोठ्या विजारीला लागतं तेवढं कापड मी मोजून देतो. आजवर पुरत होतं. आता पुरत नाही. मधलं कापड जातं कुठं?"

"साहेब, खाक्याच्या बाहेर मी दोराभर कापत नाही."

"मग तुमच्या घरच्या सगळ्या पिशव्या खाकी कशा?"

"कातरणाच्या आहेत साहेब. उरल्यासुरल्या तुकड्यांच्या."

"आणि तुमच्या उशांचे अभ्रे?"

अभ्रे खरंच खाकी होते, पण ते जुने. साहेबांनी टेबलावर बोट टेकवलं.

"पुढच्या महिन्यात फाटकाचा वाढदिवस. दोन्हीकडचे मंत्री येणार. त्या दिवशी एकाही पहारेकऱ्याची पोटरी दिसली, तर शेडची किल्ली इथं ठेवायची. आणि मी सगळ्यांना सांगणार की शिंपी चोर होता."

मास्तर शेडमध्ये आले, मशीनवर बसले आणि पाय न हलवता नुसतेच बसून राहिले. नोकरी गेली तर खोली जाणार, ती सरकारी. पण ते त्यांच्या मनात नव्हतंच. मग म्हणाले, "ही बातमी पलीकडे किती वेळात पोचेल रे?"

"कुठली?"

"साडू चोर निघाला, ही. साखर वाटेल तो." मग एकदम उठलेच. "थांब. मला कळलं! त्यानंच केलंय!"

"काय केलंय?"

"मागल्या खेपेला आला होता तेव्हा म्हणाला, बघू तरी उस्तादांचे खाके, आठवण येते. मी दाखवले. ही आत चहा टाकत होती, मी कपबशा काढायला वळलो. तेवढ्यात त्यानं माझा मोठा खाका उचलला आणि आखूड केलेला ठेवून दिला. बदललाय त्यानं! माझी भाकरी बघवत नाही त्याला."

"अहो मास्तर, त्याच्याकडे एवढं असताना?"

"तू काज करतोस म्हणून तुला भोकाएवढंच दिसतं. ज्याच्याकडे हत्ती असतो ना, त्यालाच दुसऱ्याची मुंगी सलते."

माणूस लांब झाला असेल ही शंका आम्हा दोघांनाही आली नाही. उस्तादाचा खाका चुकत नसतो आणि साडू तर चुकत नाहीच.

नातेवाइकांसाठी फाटकातून दिवसाचा परवाना मिळतो. मास्तरांनी मोठा खाका गुंडाळून सदऱ्याच्या आत पाठीला बांधला. त्यामुळे ते इतके ताठ चालत होते की पलीकडच्या शिपायानं त्यांना सलाम ठोकला. मला साक्षीदार म्हणून नेलं.

बसनं आम्हाला साडूच्या वाड्याच्या मागच्या अंगाला सोडलं. पुढून संगमरवर, मागे एक उंच भिंत आणि भिंतीमागे वस्ती. पत्र्यांची घरं आणि त्यांच्यामधून वाहणारं उघडं गटार, वर टाकलेल्या फळ्या. फळीवर बसून पोरं खेळत होती. एक बाई त्याच गटाराशेजारच्या डबक्यातून घागर भरत होती. मास्तर थांबले. त्यांनी नाकाला रुमाल लावला, आणि रुमालाच्या वरचे त्यांचे डोळे मी पाहिले. सणासुदीलाही इतके आनंदी दिसत नाहीत.

"वास येतोय ना?" ते मला विचारत होते. "खरं सांग, येतोय ना? मलाच नाही ना येत?"

"मुबलक येतोय मास्तर."

"वा!"

साडूचं दुकान इतकं थंड की आत शिरल्यावर आमच्या शिव्या गोठून खाली पडल्या असत्या. साडू आम्हाला बघून चपापला. मास्तरांनी पाठीवरचा खाका सोडवला आणि काचेच्या टेबलावर आपटला.

"माझा खाका परत द्या."

"तुमचा?" साडूचा चेहरा लाल झाला. "उलटा चोर! माझा खाका तुम्ही बदललात! मी म्हणत होतोच हिला, तुझ्या ताईच्या नवऱ्यानं हात साफ केला म्हणून!"

"मी कशाला बदलू?"

"हे बघा!" त्यानं एक कपाट उघडलं. आत कापलेल्या तुकड्यांचा डोंगर. प्रत्येक तुकडा वीतभर, उंची चकचकीत खाकी कापडाचा. "मोठ्या खाक्याच्या विजारी आमच्या पोरांच्या पायात लोळतात. मधल्याही लोळतात, आणि लहान कमरेत शिरत नाही. प्रत्येक विजार खालून कापावी लागते. मागल्या खेपेला मी माझा खाका सोबत आणला होता, तेव्हाच तुम्ही त्याच्या जागी लांब ठेवलात, मला फजीत करायला. जळता तुम्ही माझ्यावर, पहिल्यापासून!"

"मी जळतो? या गारठ्यात कोण जळणार?"

शेवटी मी मध्ये पडलो. म्हटलं, दोन्ही खाके एकावर एक ठेवा आणि काय ते एकदा बघून टाका. साडूनं आपला आणला. टेबलावर एकावर एक ठेवले. काठ काठाला लागला. कंबर कमरेला, घोटा घोट्याला. एवढंच नाही, तर दोन्हींवर एकाच जागी चहाच्या कपाचा गोल डाग होता. उस्ताद खाक्यांच्या थप्पीवरच कप ठेवायचा, चहा खालपर्यंत झिरपला होता. डागावर डाग बरोबर बसला.

दोघे साडू त्या डागाकडे बघत राहिले.

"म्हणजे खाका तोच आहे," साडू हळूच म्हणाला.

"तोच आहे."

"मग तुमची पोरं..."

"आणि तुमची..."

साडूनं खुर्ची ओढली आणि बसला. त्याच्या तोंडावरचा राग ओसरला होता आणि त्या जागी दुसरंच काही आलं होतं. मी ते ओळखलं, कारण रोज शेडमध्ये शेजारच्या मशीनवर तेच बघत आलो होतो.

"काय खायला घालता हो पोरांना?" त्यानं विचारलं. आवाजात असं काही होतं की जणू मास्तरांनी त्याच्या ताटातलं पळवलंय.

मास्तर फुलले. "हवा चांगली आहे आमची. शिवाय रक्त. मुळातच उंच जात—"

"पुरे झालं!" पडद्यामागून धाकटी बाहेर आली. मास्तरांची मेहुणी. एरवी हसरी बाई. "रक्त म्हणे! ताईचं आणि माझं रक्त वेगळं आहे का? हा लांब्या की कोण, तो साथीच्या वर्षी पाळण्यात होता. ही सगळी पोरं त्याच वर्षांतली. साथ काही फाटकाशी थांबली नव्हती. माझा मधला मुलगा त्याच साथीत गेला."

थंड हवेचं यंत्र तेवढं घुमत होतं.

"त्याच वर्षी आपल्याकडे पैसा आला," ती नवऱ्याला म्हणाली. "भिंत घातली आपण. दवाखान्यात कारंजं उडत होतं आणि डॉक्टर गाडीतून आला, तोही मोठा. बाटलीतलं पाणी आपण पितो हो, पण दूध घालणारा कुठून येतो? भांडी घासणारी कुठून येते? पोराला खेळवणारी कुठून येत होती? भिंतीमागूनच ना? आणि तुमचे पहारेकरी कुठले? तिथलेच. लहानपणी महिन्यातून पंधरा दिवस ज्यांचं पोट ठिकाणावर नाही, त्यांच्या पायात उंची कुठून येणार? मी दर वर्षी ताईकडे येते ना, तुम्हाला वाटतं गप्पा मारायला. मी त्या गल्लीत नुसती उभी राहते. पोरं अनवाणी पळत असतात आणि काही होत नाही त्यांना. इतकी जळते मी ताईवर, इतकी जळते की घास उतरत नाही त्या दिवशी."

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं की त्यांच्या घराचा कुणाला हेवा वाटतो. त्यांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी खाका गुंडाळायला घेतला.

धाकटीनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "भावोजी, तुमचं अडलंय ते मला ताईनं कळवलंय. वीतभर कापड कमी पडतंय ना? ते कपाट भरलंय वीतवीतभर तुकड्यांनी. सगळे न्या."

"अगं, ते कापड उंची—" साडू उठला.

"बसा. फुकट नाही देत मी. भावोजी, माझ्या लेकीला आठवा लागलाय. तिचं बाळंतपण मावशीकडे होईल. तुमच्या गल्लीत. आणि मूल वर्षाचं होईपर्यंत तिथंच राहील."

"लोक काय म्हणतील?" साडूचा आवाज चिरकला. "डोंगराच्या देशातली लेक बाळंतपणाला त्या... त्या पत्र्याच्या शेडवाल्यांकडे? आपल्याकडे सोनेरी कार्ड आहे!"

"कार्ड बाळाच्या बाटलीत घालू का उकळून?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत गोड क्षण होता, आणि त्यांना तो पुरवून पुरवून खायचा होता. "बघतो," ते म्हणाले. "हिला विचारावं लागेल. जागा तशी लहान आहे आमची. शिवाय आमच्या सुईबाई जरा कडक आहेत. कुणालाही घेत नाहीत."

धडधडीत खोटं. सुईबाई मांजरीचंसुद्धा बाळंतपण करायची.

तुकड्यांची गाठोडी घेऊन आम्ही परत आलो. फाटकाच्या वाढदिवसापर्यंत आम्ही दोघांनी प्रत्येक विजारीला खालून एकेक वीत जोडली. वर आमचं जाडंभरडं फिकं कापड, खाली त्यांचं चकचकीत गडद. लपवायला काही मार्ग नव्हता, म्हणून मास्तरांनी जोडावर दुहेरी शिवण मारून ठसठशीत पट्टाच काढला. म्हणाले, "ठिगळ लाजलं की ठिगळ दिसतं. त्याला मिशा लावायच्या."

वाढदिवस उजाडला. दोन्हीकडचे मंत्री, वाजंत्री, गाद्यांच्या खुर्च्या. कोठीसाहेब आधी विजारींकडे आणि मग मास्तरांकडे असे बघत होते की मास्तरांनी शेडची किल्ली खिशातून काढून हातातच धरली. पोरं निघाली. पाय आपटले. पोटरी एकाचीही दिसली नाही. पण दोन रंगांच्या विजारी सगळ्या जगाला दिसल्या. साहेबांच्या कपाळावर घाम.

पलीकडच्यांनीही तयारी केली होती. त्यांच्या पोरांना उंच टाचांचे बूट आणि त्याहून उंच टोप्या दिल्या होत्या. एकानं पाय आपटला आणि टाच निघून गडगडत आमच्या देशात आली. ती अजून आमच्या कोठीत जमा आहे.

मग त्यांचे मंत्री लांब्यासमोर उभे राहिले. त्यांनी मान वर केली. आणखी वर केली. टोपी मागे पडली, ती सचिवानं झेलली. मंत्री मान चोळत आमच्या साहेबांना म्हणाले, "इतके उंच कुठून आणलेत हो? काय भाव पडला?" आणि त्या आवाजात तोच सूर होता. साडूच्या दुकानात ऐकलेला.

साहेब दचकले. त्यांनी वळून लांब्याकडे पाहिलं. रोज बघत होते, पण घोट्याकडेच. आज पहिल्यांदाच त्यांची नजर घोट्यापासून निघाली आणि वर वर जात राहिली. आपली उंची आपल्याला दिसत नाही हेच खरं. शेजाऱ्याची मान दुखली की कळते.

"इथलेच आहेत," साहेब हळूच म्हणाले. "घरचेच."

"आणि ही दुरंगी विजार?"

"ती... ती आमचीच कल्पना."

संध्याकाळी साहेब शेडमध्ये आले. इकडेतिकडे बघितलं, दाराला लावलेली इस्त्री उगाच उचलून पाहिली. "मास्तर, ती किल्ली ठेवा खिशात. पुढच्या वर्षापासून विजारीला वीतभर कापड जादा मिळेल." दारापर्यंत गेले आणि मागे न बघता म्हणाले, "आणि ते अभ्र्यांचं मी बोललो होतो, ते बोललो नव्हतो."

मास्तरांनी त्या रात्री खाकी उशीवर डोकं ठेवलं आणि असे घोरले की पलीकडच्या फाटकावर पहारा वाढवला म्हणतात.

धाकटीची लेक आली, बाळंत झाली. मुलगा. सुईबाईनं त्याला झोळीत घालून टांगलं, काटा बघितला आणि सवयीप्रमाणे सगळ्यांना झापलं. वर्षभर ते पोर आमच्या गल्लीत रांगलं, नळाखाली भिजलं आणि एकदाही पोट बिघडलं नाही. नात्यानं मास्तर त्याचे आजोबाच. ते रोज त्याला जमिनीवर ताणून टेपनं मोजायचे.

वर्ष भरल्यावर साडू न्यायला आला. बरोबर नेहमीसारखी भेट, विजेचं शिलाई मशीन. मास्तरांच्या जुन्या ठिकाणी जुनी कळ आलीच. पण या वेळी साडूचं लक्ष मशीनकडे नव्हतं. तो गल्लीत उभा होता, कमरेवर हात ठेवून, गटाराच्या लोखंडी झाकणाकडे बघत.

"साडूभाऊ, हे केवढ्याला पडतं?"

"ते सुटं मिळत नाही," मास्तर म्हणाले. "गल्लीसकट घ्यावं लागतं."

"बघतोच," साडू म्हणाला.

गाडी गेली. नातू गेला म्हणून मास्तर डोळे पुसत घराकडे वळले, तर मध्येच थबकले. दारासमोरचं झाकण गायब होतं. साडूनं उचलून गाडीत घातलं होतं. पुढे कळलं की त्यानं ते आपल्या संगमरवरी अंगणात मधोमध बसवलं. खाली गटार नाही, काही नाही. भिंतीमागचं गटार उघडंच. धाकटी रोज त्याला विचारते म्हणे, याच्याखाली काय झाकलंत?

मी म्हटलं, "मास्तर, चला, तक्रार करू."

"खबरदार!" मास्तर म्हणाले. त्यांनी घरातून खुर्ची आणली आणि त्या उघड्या भोकाशेजारी मांडून बसले. नवीन झाकण येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हात आडवा करून थांबवायचे.

"जपून. इथलं झाकण नेलंय."

"कुणी नेलं हो मास्तर?"

तेवढं कुणी विचारलं की झालं. मास्तर पाठ टेकायचे, पाय लांब करायचे आणि चेहऱ्यावर असं काही तेज चढायचं, की ते बघून माझाच जीव जळायचा.

"आमच्या साडूनं," ते म्हणायचे. "श्रीमंत आहे बिचारा."